नाशिकमध्ये प्रोजेक्ट जेआरएफ (सरकारी प्रोजेक्टवरची ज्युनियर रिसर्च फेलोशिप) घ्यावी का? पैसे खरंच वेळेवर येतात का?

मायक्रोवाली_नाशिकरोड

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, वाचा प्लीज. माझं एमएस्सी मायक्रो झालंय, सध्या सातपूर एमआयडीसीत एका फार्मा कंपनीत क्यूसीला (मालाची गुणवत्ता तपासणं) आहे. हातात २४,००० येतात पीएफ कटून. काम म्हणाल तर रोज तेच, पाण्याची सॅम्पल्स, एअर सॅम्पलिंगच्या प्लेटा, कॉलन्या मोजा, रजिस्टरला लिहा, सही करा, आणि ऑडिट लागलं की रात्री नऊपर्यंत घरी जायचं नाव नाही. वाईट नाहीये पण डोकं वापरायची परवानगी नाही एवढंच.

मागच्या वेळी सीएसआयआर नेट (संशोधन आणि प्राध्यापकीसाठीची राष्ट्रीय परीक्षा) निघाली पण जेआरएफ थोडक्यात हुकली, असिस्टंट प्रोफेसर आणि पीएचडीवाली कॅटेगरी मिळाली. आता इथल्याच एका कॉलेजात सरकारी ग्रँटच्या प्रोजेक्टची जाहिरात आलीये, द्राक्षावरच्या डाऊनीसाठी (केवडा रोग) जैविक बुरशीनाशक शोधायचं काम, ३ वर्षं, जेआरएफ ३७,००० अधिक एचआरए (घरभाडे भत्ता). कागदावर तर कंपनीपेक्षा दीडपट. पण पप्पांचं म्हणणं, चालू नोकरी सोडून प्रोजेक्टला कोण जातं, आणि तीन वर्षांनी काय? वर माझी एक मैत्रीण दुसऱ्या शहरात अशाच पोस्टवर होती तिला सात-आठ महिने एक रुपया आला नव्हता, मेसचे पैसे भावाकडून घ्यायची.

तर खरं काय ते सांगा, पैसे का अडकतात, सगळीकडेच अडकतात का, आणि जायचंच असेल तर आधी काय विचारून घेऊ?

अर्धवट_डॉक्टर

ताई आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. सीएसआयआर-यूजीसीची जेआरएफ ही तुमच्या नावावर असते, तुम्ही गाइड बदला, संस्था बदला, ती तुमच्यासोबत येते आणि पाच वर्षांपर्यंत चालते. प्रोजेक्टमधली जेआरएफ ही प्रोजेक्टच्या नावावर असते. आकडा तोच, ३७,००० (१ जानेवारी २०२३ पासून, त्याआधी ३१,००० होते), दोन वर्षांनी कमिटीने पास केलं तर एसआरएफचे (सीनियर रिसर्च फेलो) ४२,०००, पण प्रोजेक्ट संपला की तुम्ही पण संपलात. आणि नेटमध्ये जेआरएफ हुकली म्हणून प्रोजेक्टला अडत नाही, सरकारच्या नियमात नेटची लेक्चररशिपवाली (म्हणजे तुमची असिस्टंट प्रोफेसरवाली) पात्रता किंवा गेट परीक्षा, दोन्ही चालतात. नेट-गेट काहीच नसेल तर मग प्रोजेक्ट असोसिएट वगैरे म्हणून कमी पैशांवर घेतात.

नाशिक एचआरएच्या सरकारी यादीत वाय वर्गातलं शहर आहे, एचआरए सध्या २० टक्के, म्हणजे ७,४००. एकूण ४४,४०० झाले. पण पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, मेडिक्लेम नाही. पप्पांना हे नक्की दिसलं असणार.

मी स्वतः प्रोजेक्टवरच होतो. प्रोजेक्ट ३ वर्षांचा आणि पीएचडीला लागतात ५, मधली दोन वर्षं कोण पोसणार हा खरा प्रश्न, आणि तो कुठल्याच जाहिरातीत लिहिलेला नसतो. मी शेवटचं दीड वर्ष कॉलेज रोडला क्लासमध्ये नीटच्या पोरांना बायोलॉजी शिकवत थिसिस लिहिला. त्यामुळे पहिल्या दिवसापासून पीएचडीचं रजिस्ट्रेशन लावून घ्या, एक वर्ष तर पेट (पीएचडी प्रवेश परीक्षा), इंटरव्ह्यू आणि आरआरसीतच (विषयाला मान्यता देणारी विद्यापीठाची समिती) जातं. तुमच्याकडे नेटचा स्कोअर आहे पण लक्षात ठेवा तुमच्या कॅटेगरीत तो पीएचडी प्रवेशाला १ वर्षच चालतो, नंतर परत परीक्षा.

कडू_कारलं

नका जाऊ. देश जीडीपीच्या ०.६४ टक्के संशोधनावर खर्च करतो आणि तुम्ही त्यातल्या चुऱ्यासाठी नोकरी सोडताय. मोठे आकडे ऐकून भुलू नका, एएनआरएफचे (संशोधनाला ग्रँट देणारी केंद्राची संस्था) ५०,००० कोटी म्हणतात ते पाच वर्षांचे, आणि त्यातले ३६,००० कोटी सरकारच्या बाहेरून यायचेत. नवीन १ लाख कोटींची आरडीआय (संशोधन-विकासाची केंद्राची योजना) आली ती कंपन्यांना कमी व्याजात पैसे द्यायला. कॉलेजच्या लॅबमध्ये पीसीआर मशीनवर अजून टॉवेल झाकलेला असतो. कंपनीत रहा, दोन वर्षांनी एक्झिक्युटिव्ह व्हाल, सिन्नर नाहीतर गोव्याला जम्प मारा.

व्हाउचर_काका

कारलेसाहेब आकडे बरोबर आहेत तुमचे, पण पोरीने विचारलंय पैसे का अडकतात, देश किती खर्च करतो ते नाही. मी एका कॉलेजच्या अकाउंट सेक्शनला आहे, ग्रँटची टेबलं माझ्याकडेच असतात, तर आमच्या बाजूचं सांगतो.

आधी कसं होतं, मंजुरीपत्र आलं की पहिल्या वर्षाचे पैसे कॉलेजच्या बचत खात्यात यायचे, तिथून आम्ही चेक काढायचो. दुसरा हप्ता उशिरा आला तर प्रिन्सिपल सही करायचे, कॉलेज फंडातून पोराला दोन-तीन महिने भागवा, मागाहून वळते करून घेऊ. २०२२ नंतर हे बदललं. आता पैसे आमच्याकडे येतच नाहीत. झीरो बॅलन्स खातं असतं, पीएफएमएसवर (केंद्राचं पैसे वाटपाचं पोर्टल) फक्त लिमिट दिसते, म्हणजे किती खर्च करता येईल तो आकडा, आम्ही पेमेंट टाकलं की वरून सरळ तुझ्या खात्यात. कल्पना चांगली आहे, आधी कोट्यवधी रुपये कॉलेजांच्या खात्यात पडून राहायचे आणि त्यावरचं व्याज भारतकोशवर (सरकारला पैसे भरायचं पोर्टल) परत भरताना आमच्या नाकी नऊ यायचे. पण ३१ मार्चला उरलेली लिमिट पोर्टलवरनं जाते. ती एप्रिलला लगेच परत येते असं नाही. आम्ही यूसी द्यायचं, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र, सोबत खर्चाचं विवरण, त्यावर सीएची सही, प्रिन्सिपलची सही, प्रोजेक्टच्या सरांची सही, मग ते वर जाणार, तिथे कुणीतरी म्हणणार की अमुक हेडला १२ रुपयांचा फरक आहे. मे जातो, जून जातो. तेवढे दिवस तू लॅबमध्ये काम करतेस आणि आमच्या स्क्रीनवर उपलब्ध लिमिट शून्य.

दुसरं म्हणजे हेड, खर्चाचे ठरवून दिलेले कप्पे. मनुष्यबळाचे पैसे वेगळे, केमिकलचे वेगळे, प्रवासाचे वेगळे. केमिकलच्या हेडला दोन लाख पडून असले तरी त्यातून तुझा पगार काढता येत नाही, परवानगी लागते, आणि परवानगीला लागणारा वेळ वर सांगितला तसाच.

तिसरं कारण ऐकून हसशील. पेमेंट मी बनवतो, मी मेकर. पास करणारा चेकर वेगळा, त्याची डिजिटल सही एका पेनड्राइव्हसारख्या की वर असते. आमच्याकडे एका दिवाळीला चेकर साहेब गावी गेले आणि की त्यांच्या कपाटात. कपाटाची चावी शिपायाकडे, शिपाई वणीला सप्तशृंगीला. तीन पोरांची फेलोशिप पाडव्यानंतर झाली. यात दिल्लीचा काही दोष नव्हता हो.

म्हणून जायच्या आधी सरांना विचार, मंजुरीपत्र हातात आहे का, त्याची तारीख काय, पहिल्या वर्षाची लिमिट पोर्टलवर दिसतेय का, आणि अकाउंटला हे काम करणारा माणूस कायम आहे की कंत्राटी. शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही पण सगळ्यात महत्त्वाचा तोच.

आणि प्रोजेक्टची तीन वर्षं मंजुरीपत्राच्या तारखेपासून मोजतात, तुझ्या जॉइनिंगपासून नाही. जाहिरात, इंटरव्ह्यू, कमिटी यात सहा महिने गेले असतील तर तुला अडीचच मिळणार. मुदतवाढ मागता येते, पण ती बऱ्याचदा जास्तीचे पैसे न देता देतात. म्हणजे प्रोजेक्ट चालू, पगार बंद.

द्राक्षपानावरची_बुरशी

काकांना साष्टांग. मी दुसऱ्या बाजूची, म्हणजे प्रोजेक्ट चालवणारी, नाशिकमध्येच शिकवते. विषय द्राक्षाचा आहे म्हणून एक सांगते जे दिल्लीत बसून कुणाच्या लक्षात येणार नाही. आपली फळछाटणी ऑक्टोबरला. पोंगा अवस्थेपासून (नवी फूट निघते तेव्हा) डाऊनीची भीती, त्यात अवकाळी आला तर विचारूच नका, तेव्हा आठवड्याला दोन-दोन वेळा दिंडोरी-निफाडला बागेत जावं लागतं. मग काढणी फेब्रुवारी-मार्चला, आणि नेमकं तेव्हाच कॉलेज सर्क्युलर काढतं की १५ मार्चनंतर बिलं घेतली जाणार नाहीत. मण्यांची सॅम्पल्स रेसिड्यू (उरलेले औषधाचे अंश) तपासायला लॅबला पाठवायची असतात तेव्हा पैसे गोठलेले. नंतर एप्रिलला खरडछाटणी, परत बागेत जायचं, आणि लिमिट शून्य. वेलीला आर्थिक वर्ष कळत नाही.

मी काय करते तर मुलांचं पेट्रोल आणि बर्फ स्वतःच्या खिशातून, थर्माकोलच्या खोक्यात झिपलॉकच्या पिशव्या भरून ती ॲक्टिव्हावर आणतात, बिलं डब्यात साठवते, जूननंतर काढते. काही बिलं तोपर्यंत उडून गेलेली असतात, थर्मल कागद, कोरा होतो. त्याची झेरॉक्स त्याच दिवशी काढायची हे मी प्रत्येक नव्या मुलीला पहिल्या दिवशी सांगते, सूक्ष्मजीवशास्त्र नंतर.

सगळंच वाईट चाललंय असं पण नाही. खरेदीचा जाच जून २०२५ पासून बराच कमी झाला. त्याआधी साधं सेंट्रीफ्यूज घ्यायचं तरी जेम हे सरकारी खरेदीचं पोर्टल, तिथे सगळ्यात स्वस्त असेल ते गळ्यात पडायचं, दोन महिन्यांत आवाज करायला लागायचं. आता वैज्ञानिक उपकरणांना जेमच्या बाहेर घेता येतं आणि कोटेशनशिवाय थेट खरेदीची मर्यादा १ लाखाची २ लाख केली. पण २०२४ च्या बजेटमध्ये लॅब केमिकल्सवर कस्टम ड्युटी १० टक्क्यांवरनं एकदम १५० टक्के केली होती तेव्हा आमच्या सप्लायरने कोटेशन द्यायचंच थांबवलं, आठ-दहा दिवसांत ओरड होऊन संशोधनापुरती परत १० वर आणली म्हणून वाचलो. असे झटके बसतात अधूनमधून.

आणि मुलींसाठी मुद्दाम, कारण कुणी सांगत नाही. जेआरएफ-एसआरएफला बाळंतपणाची रजा फेलोशिपसकट मिळते, पीएचडीला यूजीसीच्या नियमात २४० दिवसांपर्यंत रजा आहे आणि मुदतीत महिलांना २ वर्षांची वेगळी सवलत आहे. घरी लग्नाचा विषय चालू असेल तर हे माहीत असलेलं बरं. रजेवर गेलेल्या मुलीची जागा भरून टाकणारे गाइड पण मी बघितलेत, तेव्हा नियम छापून जवळ ठेव.

तुझा स्वभाव मला कळला नाही, पण रजिस्टरला काउंट लिहिताना हा काउंट आज वाढला का असं ज्याला खाजवतं त्याने यावं. ज्याला १ तारखेचा मेसेज आला नाही की झोप लागत नाही त्याने येऊ नये, त्यात कमीपणा काही नाही.

बागायतदार_पिंपळगाव

मॅडमचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो, एरवी फक्त वाचतो. २०१० ला क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या रेसिड्यूवरनं आपला माल युरोपात अडकला होता तेव्हा आमच्या वडिलांचा पण कंटेनर त्यात होता. तोपर्यंत ते औषध युरोप मोजतं हेच कुणाला माहीत नव्हतं. त्यानंतर पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची यादी आल्याशिवाय आम्ही पंपाला हात लावत नाही. म्हणजे सरकारी पैशातल्या संशोधनाने काय होतं असं जे म्हणतात त्यांनी एकदा एक्स्पोर्टचा प्लॉट करून बघा.

पण तक्रार पण आहे. कॉलेजची पोरं येतात, पानं घेऊन जातात, परत रिझल्ट सांगायला कुणी येत नाही. माझ्या बागेत तीन वेगवेगळ्या प्रोजेक्टांच्या दोऱ्या बांधलेल्या आहेत, लाल, पिवळी, निळी, कुणाची कोणती मलाच आठवत नाही, मजूर छाटणीला विचारतात काढू का ठेवू. ताई तुम्ही आलात तर तेवढं करा राव, चांगलं निघो की वाईट, फोन करून सांगा.

कडू_कारलं

दोऱ्यांचं वाचून हसू आलं. तरी माझं मत तेच, पण काकांनी सांगितलेलं विचारूनच निर्णय घ्या. आणि कंपनीतली सहा महिन्यांची सेव्हिंग असल्याशिवाय सोडू नका, भले कुठेही जा.

मायक्रोवाली_नाशिकरोड

सगळ्यांना थँक यू, एवढं सविस्तर कुणी सांगेल वाटलं नव्हतं. कंपनीतल्या मैत्रिणीला पण वाचून दाखवलं, ती म्हणते मी पण अर्ज करते, म्हणजे माझीच कॉम्पिटिशन वाढवली मी.

काल सरांना फोन केला. जरा दबकतच विचारलं पण त्यांनी राग मानला नाही, मंजुरीपत्राची पीडीएफच पाठवली. तारखेपासून मोजलं तर चार महिने गेलेत. मनुष्यबळाच्या हेडला पहिल्या वर्षाचे पैसे दिसतात म्हणाले. एचआरए मात्र बजेट लिहिलं तेव्हाच्या जुन्या दराने धरलाय, तो वाढवून मागू म्हणाले, बघू. पीएचडीला माझा नेटचा स्कोअर चालतोय तोवर, येत्या प्रवेशातच नाव टाकायचं ठरलंय. आणि तीन वर्षांनंतर काय विचारलं तर म्हणाले, तोपर्यंत दुसऱ्या ग्रँटला अर्ज केलेला असेल, मिळाली तर पुढे, नाहीतर तू तोवर परत जेआरएफसाठी नेट देत राहा. स्पष्ट बोलले ते बरं वाटलं.

पप्पा अजून तयार नाहीत, पण ४४,४०० हा आकडा त्यांनी स्वतः कॅलक्युलेटरवर करून बघितला, आणि मग एचआरए जुन्या दराने म्हटल्यावर परत केला. सहा महिन्यांची सेव्हिंग नाहीये, चार महिन्यांची आहे, आरडी मोडली तर होईल. इंटरव्ह्यू पुढच्या आठवड्यात आहे, झालं सिलेक्शन तर कंपनीत एक महिन्याची नोटीस द्यावी लागेल. काका, जॉइनिंगला उशीर चालतो का?

व्हाउचर_काका

ऑफर लेटरमध्ये तारीख असते, सरांकडून लेखी मुदत मागून घे, तोंडी नको. रिलीव्हिंग लेटर हातात आल्याशिवाय जॉइनिंग रिपोर्ट देऊ नकोस. आणि बँकेचा कॅन्सल्ड चेक आण ज्यावर तुझं नाव छापलेलं असेल, आधारवर जसं आहे अगदी तसंच. स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडेतिकडे असलं तर पीएफएमएसला तुझं नाव रिजेक्ट होतं आणि पहिला महिना तिथेच जातो.

मायक्रोवाली_नाशिकरोड

आधारवर आडनावाचं स्पेलिंग वेगळंच आहे 😑 उद्याच सेवा केंद्रात जाते.