पाप माझं, मग मरण येशूला का? ख्रिश्चन मंडळींना मनापासून प्रश्न

रांजण_आणि_खडे
नमस्कार. आधीच सांगते, वाद घालायचा नाहीये, खरंच समजून घ्यायचंय. नगरच्या एका मैत्रिणीबरोबर यंदा गुड फ्रायडेच्या उपासनेला गेले होते. बारा ते तीन, वधस्तंभावरून येशूने काढलेल्या सात उद्गारांवर एकेक करून प्रवचन. पहिलाच उद्गार, "हे बापा, त्यांना क्षमा कर", आणि मी तिथेच अडकले. खिळे ठोकणाऱ्यांसाठी जर अशी सरळ क्षमा मागता येते तर मग पुढे सगळे "त्याच्या रक्ताने आपलं तारण झालं", म्हणजे आपण पापातून सुटलो, असं का म्हणतात? येशूनेच सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीत तर वाट्याचा पैसा उडवून परत आलेल्या पोराला बाप कुणाचंही रक्त न मागता मिठी मारतो ना?

दुसरं म्हणजे आपण लहानपणापासून वाल्या कोळ्याची गोष्ट ऐकत आलोय. पापाचे खडे टाकून टाकून रांजण भरले, आणि नारदाने घरी जाऊन विचारायला लावलं तर बायकापोरांनी स्पष्ट सांगितलं की खायला आम्ही आहोत पण पापात वाटेकरी नाही. करावं तसं भरावं हे माझ्या हाडात आहे. एकाचं पाप दुसऱ्याने फेडणं मला न्यायाचं वाटत नाही, आणि बापाने मुलाला मारून समाधान मानणं तर भयंकरच वाटतं. कोणी नीट सांगेल का? प्रवचन नको प्लीज, विचार सांगा.

दुसऱ्या_बाकावरचा
ताई, तुमचा आक्षेप बायबलमध्येच आहे. यहेज्केल १८:२० उघडा, जो जीव पाप करील तो मरेल, बापाच्या पापाचा भार मुलाने वाहायचा नाही. म्हणजे निरपराध्याला धरून आणून फासावर देणं हा अन्याय आहे हे शास्त्रालाही मान्य आहे, आणि वधस्तंभाची शिकवण जर तेवढीच असती तर मीही ती मानली नसती.

पण यात तिऱ्हाईत कोणी नाहीये, हेच बहुतेकदा नीट सांगितलं जात नाही. देव एका बाजूला रागावलेला, माणूस दुसऱ्या बाजूला घाबरलेला आणि मधे बिचारा येशू सापडला असं चित्र डोळ्यासमोर असेल तर ते पुसून टाका. ख्रिस्ती श्रद्धेत येशू म्हणजे देवच देहधारी झालेला. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात (५:१९) येशूचा प्रेषित पौल म्हणतो की देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. आणि योहान १०:१८ मध्ये येशू स्वतः म्हणतो की माझा जीव कोणी हिसकावून घेत नाही, मी होऊन देतो. ज्याचा अपराध झाला त्यानेच त्याची किंमत स्वतःवर घेतली. वाल्याच्या घरच्यांनी जे नाकारलं नेमकं तेच इथे कोणीतरी न मागता कबूल केलंय, की मी तुझ्या पापात वाटेकरी होतो.

उधळ्या पुत्राबद्दल. त्या गोष्टीत रक्त नाही, पण फुकटही काही नाही. मालमत्तेचा वाटा गेला तो बापाचा गेला, म्हातारपणी सगळ्या गावासमोर धावत सुटला तो बाप, आणि थोरला मुलगा रुसून बाहेर बसला तर त्याची मनधरणी करायला मेजवानी सोडून बाहेर आला तोही बापच. क्षमा करणारा आतून काहीतरी सोसतोच, आणि ज्याच्यावर खरोखर मोठा अन्याय झालाय अशा कुणालाही विचारा, ते सोसणं किती महाग असतं ते तो सांगेल.

आम्ही प्रोटेस्टंट लोक यशया ५३ (इतरांची पापं स्वतःवर घेणारा सेवक) आणि रोमकरांस ३:२५-२६ वर जास्त भर देतो. देवाने पाप नुसतं "जाऊ दे" म्हणून सोडलं तर ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचं काय? म्हणून तो न्यायीही राहतो आणि पाप्याला नीतिमानही ठरवतो. ही मांडणी कोर्टासारखी वाटते, त्याचं एक कारण म्हणजे तिला घडवणारा १६व्या शतकातला प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विन कायदा शिकलेला माणूस होता. पण गाभा पौलाचाच आहे असं माझं ठाम मत.

वसई_पश्चिम
वरच्या दादांचं पहिलं अर्धं एकदम मान्य, दुसऱ्या अर्ध्याला जरा थांबवतो, कारण मी कॅथलिक आहे आणि "पित्याने आपला क्रोध पुत्रावर ओतला" ही भाषा आमच्याकडे बसत नाही.

ताई, एक गोष्ट लक्षात घ्या की येशूच्या मरणाने तारण झालं हे सगळी चर्च मानतात, पण ते नेमकं कसं झालं याचा एकच सिद्धांत विश्वासांगीकारात (चर्चने ठरवलेल्या श्रद्धेच्या मजकुरात) लिहिलेला नाही. ३२५ च्या निकेया परिषदेत ठरलेल्या मजकुरात "आम्हा मानवांसाठी आणि आमच्या तारणासाठी" एवढंच आहे, ३८१ ला कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत "आमच्यासाठी क्रुसावर खिळला गेला" हे आलं. यंत्रणा कुठेच सांगितलेली नाही. ख्रिस्त देव आणि माणूस कसा यावर शतकानुशतकं भांडणारे लोक इथे मात्र मोकळी जागा सोडून गेले आणि मला ते फार शहाणपणाचं वाटतं.

मग ११व्या शतकाच्या शेवटी कँटरबरीचा आर्चबिशप आन्सेल्म आला. त्याने १०९८ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात तुमचाच प्रश्न घेतलाय, देव माणूस का झाला, नुसती क्षमा का नाही केली. त्याचा काळ सरंजामदारांचा, त्यामुळे पाप म्हणजे देवाचा मान हिरावणं. भरपाई करायची जबाबदारी माणसाची पण ऐपत फक्त देवाची, म्हणून जो देवही आहे आणि माणूसही त्यालाच ते शक्य. पण लक्ष द्या, आन्सेल्म म्हणतो एकतर भरपाई नाहीतर शिक्षा. येशूने भरपाई केली म्हणून शिक्षेची वेळच आली नाही. म्हणजे त्याच्या मते येशूला देवाने शिक्षा केलीच नाही! हे लोक विसरतात आणि आन्सेल्म व कॅल्विन यांना एका पोत्यात घालतात.

आणि तुमच्या मूळ प्रश्नाचं सर्वात सरळ उत्तर १३व्या शतकात कॅथलिक विचारवंत थॉमस अक्वायनसने दिलंय. देव भरपाईशिवाय क्षमा करू शकला असता का? तर हो, करू शकला असता, त्यात अन्यायही झाला नसता कारण त्याच्यावर दुसरा न्यायाधीश नाही. मग हाच मार्ग का? कारण माणसाला बरं करायला याहून योग्य मार्ग नव्हता. देव आपल्यावर किती प्रेम करतो हे कळतं, नम्रता आणि आज्ञापालन डोळ्यांसमोर उभं राहतं, माणसाला हरवणाऱ्या सैतानाला माणूसच हरवतो. यातला प्रेमाचा मुद्दा १२व्या शतकात पॅरिसचा विचारवंत अबेलार्ड याने फार जोरात मांडला होता, क्रुसाकडे बघून आपलं थिजलेलं मन पेटतं म्हणून. मला तो आवडतो पण तेवढाच पुरतो असं नाही वाटत, नुसता आदर्श बघून माणूस सुटला असता तर संतांची चरित्रं वाचून आपण सगळे केव्हाच सुटलो असतो.

रांजण_आणि_खडे
दोघांनाही मनापासून थँक्यू. अक्वायनसचं ऐकून खरंच हलकं वाटलं. पण मैत्रिणीच्या आजी म्हणाल्या की येशूने स्वतःचा जीव खंडणी म्हणून दिला. खंडणी म्हणजे कोणाला तरी द्यावी लागते ना? कोणाला दिली, सैतानाला?

पुणे_ते_कोट्टायम
याचं उत्तर मी देते. मी पुण्याची, सासर मलंकरा ऑर्थोडॉक्स, म्हणजे केरळातल्या पूर्वेकडच्या परंपरेच्या जुन्या चर्चचं. खंडणीचं वाक्य मार्क १०:४५ मधलं, येशूचंच. पहिल्या काही शतकांत बऱ्याच लोकांनी तसंच समजून घेतलं की माणसं सैतानाच्या ताब्यात होती म्हणून किंमत त्याला. चौथ्या शतकातला बिशप निस्साचा ग्रेगरी तर म्हणतो की देवपण देहाच्या आमिषात लपवलेला गळ होता, सैतानाने गिळला आणि अडकला. पण त्याचाच समकालीन नाझियान्झसचा ग्रेगरी यावर चिडला, की लुटारूला खंडणी म्हणून देवच द्यायचा ही लाजिरवाणी गोष्ट आहे, आणि पित्याला दिली म्हणावं तर आपण काही पित्याच्या कैदेत नव्हतो, शिवाय ज्याने अब्राहामाच्या हातून त्याच्या मुलाचा, इसहाकाचा, बळी घेतला नाही तो स्वतःच्या पुत्राच्या रक्ताने कसा खूश होईल? तुमचा "भयंकर वाटतं" हा मुद्दा १६०० वर्षांपूर्वी एका बिशपनेच मांडलाय.

पूर्वेकडच्या चर्चमध्ये मुळात कोर्ट कमी आणि मृत्यू जास्त आहे. चौथ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस म्हणतो की माणूस जीवनाच्या उगमापासून तुटला आणि कुजायला लागला, नुसत्या पश्चात्तापाने ती कूज थांबत नाही, म्हणून जो स्वतः जीवन आहे तो मरणाच्या आत शिरला आणि मरणच संपलं. येशूचा जन्म, क्रूस, पुनरुत्थान हे सगळं मिळून तारण, फक्त शुक्रवारची दुपार नाही. सासरी रोजच्या प्रार्थनेत "आमच्यासाठी क्रुसावर खिळलेल्या, आमच्यावर दया कर" असं देवालाच उद्देशून म्हणतात, आणि गुड फ्रायडेला क्रूस धुऊन, कापडात गुंडाळून खरोखर पुरतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा सिद्धांत वगैरे काही आठवला नाही, एवढंच कळलं की देव मेलेल्यांमध्ये गेलाय, आदामाला शोधायला.

नेवासे_तालुका
सगळं वाचलं. विद्वान लोकांचं चालू द्या पण आमच्या बाजूने कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमचं घराणं नगर जिल्ह्यातलं, पणजोबांच्या पिढीत मिशनमुळे ख्रिस्ती झालेलं, त्याआधी गावकुसाबाहेर राहणारं. आमच्या पणजोबांना "तू पापी आहेस" हे सांगायला कोणी मिशनरी लागत नव्हता, गाव रोज सांगत होता की तू मागच्या जन्मीचं भरतोयस. तुम्ही "करावं तसं भरावं" हे न्यायाचं म्हणता ताई, राग मानू नका, पण आमच्या माणसांना ते पिढ्यानपिढ्या बेडीसारखं घातलं गेलं.

इब्री लोकांस पत्रात १३:१२ ला लिहिलंय की येशूने वेशीबाहेर मरण सोसलं. रोमन राज्यात क्रूस ही गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा, नागड्याने, रस्त्याच्या कडेला, येणाऱ्याजाणाऱ्याने थुंकावं म्हणून. देवाने मरणासाठी मंदिर नाही निवडलं, वेशीबाहेरची जागा निवडली. आमच्या आजीला आन्सेल्म माहीत नव्हता, तिला हे माहीत होतं की तो आमच्या बाजूला येऊन मेला आणि देवाने त्याला उठवलं म्हणजे गावाचा निकाल देवाने फिरवला. पापक्षमा मला पण लागते, मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. पण पाप म्हणजे फक्त मी केलेलं नाही, माझ्यावर केलेलं पण आहे, आणि जे तारण फक्त अपराध्याला मोकळं करतं आणि ज्याला चिरडलं त्याला उचलत नाही ते मला अर्धं वाटतं.

दुसऱ्या_बाकावरचा
नेवासेवाले दादा, हे आमच्या व्यासपीठावरून दर शुभ शुक्रवारी बोललं गेलं पाहिजे. एवढंच म्हणेन की दोन्ही एकत्रच लागतात, नाहीतर अत्याचार करणारा कायमचा बाहेर राहील, आणि पहिला उद्गार तर त्याच्यासाठीच होता.

रांजण_आणि_खडे
नेवासे तालुका, राग अजिबात नाही, तुम्ही लिहिलंत ते दोनदा वाचलं. करावं तसं भरावं हे कोणाच्या तोंडून कोणाला ऐकवलं जातं याचा मी विचार केला नव्हता. तरी एक शंका राहतेच. येशूने केलं, आपण मानलं, झालं? मग वागण्याचं काय?

वसई_पश्चिम
हाच वाद १६व्या शतकात चर्च फुटण्याच्या मुळाशी होता. पण ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक आणि ल्युथरन (मार्टिन लूथरच्या परंपरेतल्या प्रोटेस्टंट) चर्चने संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, की कृपेनेच आणि ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो, आपल्या कुठल्या लायकीमुळे नाही, आणि पवित्र आत्मा मिळून सत्कर्मांसाठी बळ मिळतं. म्हणजे चांगलं वागणं ही फी नाही, पण ते आलंच नाही तर विश्वासाबद्दल शंका घ्यायला जागा आहे. लूक १९ मधला जकातदार जक्कय बघा. येशू आधी त्याच्या घरी जातो, अट घालत नाही. मग जक्कय उठून म्हणतो अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत. आमच्याकडे पापकबुली घेताना फादर हेच बघतात, चोरलेलं परत केलंस का.

पुणे_ते_कोट्टायम
आणि "मानलं" म्हणजे काय हेही सोपं नाहीये. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ ला इंग्लंडमध्ये झाला, पण त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की त्यानंतर साधारण ८ वर्षांनी त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हता मिळाला. एवढी शास्त्रं कोळून प्यायलेली बाई, तिलाही वेळ लागला. आणि मग केडगावला मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या मुली, विधवा, कोणाला नको असलेल्या बायका यांच्यात त्यांनी उरलेलं आयुष्य घातलं. वागण्याचं काय याचं मला त्यांच्याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

रांजण_आणि_खडे
रमाबाईंचं हे माहीत नव्हतं. मला अजून सगळं पटलंय असं नाही म्हणणार, विशेषतः कोर्टवाला भाग, पण "मी वाटेकरी होतो" हे डोक्यातून जात नाहीये. वाचायचं तर कुठून सुरू करू?

दुसऱ्या_बाकावरचा
लूकचं शुभवर्तमान सलग वाचा, एका बैठकीत जमलं तर उत्तम. मग रोमकरांस ३ ते ८. इब्री पत्र मात्र लगेच घेऊ नका, त्याआधी लेवीय १६ वाचा, प्रायश्चित्ताच्या दिवसाचे ते दोन बकरे, एकाचा बळी आणि दुसरा सगळ्यांची पापं डोक्यावर घेऊन रानात सोडलेला. ते वाचल्याशिवाय इब्रीमधलं रक्त आणि पडदा आणि महायाजक हे सगळं डोक्यावरून जातं. अडलं तर इथेच विचारा, आम्ही आहोत.