चर्चमध्ये ड्रम्स वाजवताना नेमकं किती कमी वाजवायचं?

सदरचा ड्रमर:
प्रेझ द लॉर्ड सगळ्यांना. आमच्या नागपूरच्या सदर भागातल्या मंडळीत दोन वर्षांपासून ड्रम्स वाजवून राहिलो. मागच्या रविवारी उपासना सुटल्यावर दुसऱ्या बाकावर बसणाऱ्या आजी आल्या, हात धरला आणि म्हणाल्या, बाळा छान वाजवतोस, पण आज मला माझंच गाणं ऐकू नाही आलं. रागानं नाही बोलल्या, म्हणूनच जास्त लागलं. पण स्तोत्र 150 मध्ये तर मोठ्या आवाजाच्या झांजा वाजवा असंच आहे ना, मग देवानं दिलेला हात दाबून ठेवायचा का? आणि हळू वाजवलं की माझी लय पडते. चर्च जुनं आहे, छत उंच, खाली फरशी, आवाज घुमत राहतो.

मोहन नगर, 20 वर्षं ड्रम्सवर:
भाऊ, तेच स्तोत्र पुढे वाच. झांजांच्या लगेच नंतरची ओळ आहे, प्रत्येक प्राणी परमेशाचं स्तवन करो. त्यात त्या आजी आल्या न! आणि दाविद राजाच्या काळी पितळी झांजा कोण वाजवायचे तर हेमान, आसाफ आणि एथान, तिघंही गायक. म्हणजे वाजवणाऱ्याला गाणं आधी माहीत होतं.
आता कामाचं. घुमणाऱ्या हॉलमध्ये सगळ्यात जास्त त्रास क्रॅशचा, म्हणजे स्टँडवरच्या मोठ्या झांजेचा, शब्दातले स, त, क असे वर्ण तोच खातो, तेव्हा एकच ठेव, बाकीचे स्टँडवरून काढ. स्टिकऐवजी काड्यांच्या जुडीवाले रॉड्स घे, किकमध्ये, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रममध्ये, उशी घाल. फिल, म्हणजे दोन ओळींमधली भरीची वाजवणी, मंडळी श्वास घेते तेवढ्यातच, पुढच्या ओळीचा पहिला शब्द सुरू व्हायच्या आत संपला पाहिजे. पहिल्या कडव्यात तर नकोच. लय पडते कारण हळू वाजवताना आपण हातही सैल सोडतो. क्लिक (मेट्रोनोम) मिनिटाला 70 ठोक्यांवर लाव, स्टिक दोन-तीन इंचाच्या वर उचलू नको, तोंडानं एक-आणि-दोन-आणि म्हणत राहा, रोज पंधरा मिनिटं.

तबलावाला:
एक राहिलं. आपल्या मराठी भजनांचं वजन वेगळं आहे. ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांनी अभंगाच्या चालीत लिहिलं ते काही उगाच नाही, लोकांच्या कानात ते आधीच बसलेलं होतं. केरवा तालात आठ मात्रा, पाचवीवर खाली, म्हणजे बिनजोराची मात्रा, तिथं गाणं हलकं होतं आणि नेमकी तिथंच तू किक हाणली, तिसऱ्या-सातव्यावर स्नेअर, म्हणजे समोरचा कडक आवाजाचा ड्रम, जोरात मारला, की म्हाताऱ्या माणसांना गाणं पकडताच येत नाही. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, हलकी किक दे, स्नेअरच्या ठोक्याऐवजी काडी आडवी ठेवून काठावर टक्, म्हणजे क्रॉस-स्टिक. तबला किंवा ढोलकी असेल तर तू हाय-हॅटवर, म्हणजे पायानं मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर, फक्त लय धर.

गाणारी ताई:
मी वर्शिप टीममध्ये गाते. दादा, सोडू वगैरे नको हं. आमच्याकडे प्रभुभोजनाच्या वेळी एकदा ड्रमरनं अर्ध्या गाण्यात स्टिक मांडीवर ठेवल्या आणि स्वतः गायला लागला. मागच्या बाकांवरचे आवाज पहिल्यांदा स्टेजपर्यंत आले, माझा गळा भरून आला, पुढची ओळ गाताच नाही आली. नंतर शेवटच्या कडव्याला तो परत आला, नुसती किक, तर उभे राहिले सगळे.

सदरचा ड्रमर:
प्राणी वाली ओळ मी इतक्या वेळा वाचली आणि झांजांवरच थांबलो. शनिवारच्या प्रॅक्टिसला दोन क्रॅश काढतो, आणि मोबाईल दुसऱ्या बाकावर ठेवून रेकॉर्ड करतो, आजी बसतात तिथंच. रॉड्स बर्डीवर, सीताबर्डीच्या बाजारात, मिळतील का कुठं?