मदत हवी आहे: रस्त्यालगत पाच झाडे दाखवूनही आराखड्यावर 'मान्य 2' असा शेरा का?

उत्तरदक्षिण (धागाकर्ता)
नमस्कार. कार्यालयाच्या एका छोट्या इमारतीचा आराखडा मी मंजुरीसाठी दिला होता, तो 'रस्त्यालगतचे वृक्षारोपण: आवश्यक 8, मान्य 2' एवढ्याच शेऱ्यासह परत आला आहे. रस्त्याकडील लांबीच्या दर 8 मीटरला एक झाड असे नियमात स्पष्ट लिहिले आहे, माझी लांबी 38 मीटर आहे आणि मी पाच झाडे दाखवली आहेत. मग आठ कुठून आले आणि पाचांची दोन कशी झाली? सोमवारी सुधारित आराखडा द्यायचा आहे. कृपया 'कार्यालयात विचारा' असे उत्तर देऊ नये. तेथे जाऊन आलो आहे आणि तेथे 'नियम वाचा' असे सांगण्यात आले.

मोजपट्टी
38 ला 8 ने भागल्यास पावणेपाच येतात, म्हणजे पाच हा तुमचा हिशेब बरोबर आहे. परंतु आठ यायचे असतील तर लांबी 56 मीटरहून अधिक हवी. भूखंड कोपऱ्यावर आहे काय? शिवाय झाडे लावायचा पट्टा किती रुंद आहे, झाडे हद्दीच्या आत आहेत की बाहेर, आणि ती कोणती आहेत, हे सांगितल्याशिवाय दोनाचा उलगडा होणार नाही.

हिरवळप्रेमी
झाडांच्या संख्येत अडकण्यापेक्षा त्या पट्ट्यात हिरवळ लावू नका, असा माझा अनुभवाचा सल्ला आहे. रस्त्याकडेच्या अरुंद पट्टीतील हिरवळीला फरसबंदीची धग लागते, पाणी निम्मे पदपथावर वाहून जाते आणि कापणीचे यंत्र खोडांच्या साली सोलते. जमिनीलगत पसरणाऱ्या वनस्पती आणि त्यांच्यामध्ये पालापाचोळ्याचे आच्छादन पुरेसे असते, मात्र ते आच्छादन खोडाला टेकू देऊ नये.

उत्तरदक्षिण
हिरवळीबद्दल मी विचारलेले नाही. होय, भूखंड कोपऱ्याचा आहे, पण दुसरा रस्ता लहान आहे, त्या बाजूला फाटकही नाही, म्हणून ती 26 मीटरची बाजू मोजली नाही. पट्टा 3 मीटर रुंद आहे आणि झाडे हद्दीच्या आत आहेत.

मोजपट्टी
येथेच तुमचे आठ सापडले. नियमात 'मुख्य रस्ता' असे म्हटलेले नसेल, तर सार्वजनिक रस्त्याला लागून असलेली प्रत्येक बाजू धरली जाते. 38 आणि 26 मिळून 64, भागिले 8.

जुनाजाणता
फाटकाची रुंदी वजा करून घ्या. अनेक ठिकाणच्या नियमांत वाहनांच्या प्रवेशमार्गाची लांबी या हिशेबातून वगळलेली असते, आणि हे कोणी आपणहून सांगत नाही.

मोजपट्टी
सूचना योग्य आहे, परंतु येथे निरुपयोगी आहे. फाटक 6 मीटरचे धरले तरी 58 उरतात, भागाकार सव्वासात येतो आणि अपूर्णांक वरच्या अंकाकडे नेण्याची पद्धत असल्याने पुन्हा आठच. धागाकर्त्यांनी झाडांची नावे अजूनही सांगितलेली नाहीत.

उत्तरदक्षिण
फाटकाजवळ दोन शोभेचे ताड, कोपऱ्यावर एक वड, उरलेल्या जागेत दोन कांचन. झाड ते झाड, त्यात नावाचा काय संबंध?

पर्णिका
संबंध आहे. ताडकुळातील वनस्पती एकदलिकित, म्हणजे बीजात एकच दल असलेल्या, असतात, त्यांचे खोड इतर वृक्षांप्रमाणे वर्षागणिक वलये चढवून जाड होत नाही, आणि मुख्य म्हणजे त्यांचा माथा लहान असल्यामुळे पदपथावर सावली फारशी पडत नाही. रस्त्यालगत झाडे लावण्याची अट बहुधा सावलीसाठी असते, म्हणून काही नियमांत तीन ताडांचे मिळून एक झाड धरतात. तुमच्या दोनांचे त्या हिशेबाने शून्य झाले असावे.

जुनाजाणता
हा कागदी काथ्याकूट आहे. मी दोन इमारतींपुढे ताड लावले, कोणीही हरकत घेतली नाही आणि पानगळीचा कचराही झाला नाही.

पर्णिका
हरकत कोणी घेतली नाही म्हणजे ती झाडे मोजली गेली, असे सिद्ध होत नाही. कदाचित तुमची उर्वरित झाडेच पुरेशी असतील.

मोजपट्टी
आता तिसऱ्या झाडाकडे या. कोपऱ्यावरचा वड हा दोन रस्त्यांच्या कडा आणि त्यांना जोडणारी तिरपी रेषा यांनी बनणाऱ्या दृष्टी त्रिकोणात येत असणार. रस्त्याच्या आखणीत मोटारचालकाचा डोळा साधारण 1.1 ते 1.2 मीटर उंचीवर धरला जातो, त्यामुळे या त्रिकोणातील झुडपे सहसा पाऊण ते एक मीटरहून उंच वाढू देत नाहीत, आणि पूर्वीचे झाड ठेवायचेच असेल तर त्याच्या फांद्या बऱ्याच उंचीपर्यंत छाटलेल्या लागतात. तेथे नव्याने वड लावणे तर कोणीच मान्य करणार नाही. 3 मीटरच्या पट्ट्यात वड मुळात सुचवला कोणी, हे जाणून घ्यायला मला आवडेल.

उत्तरदक्षिण
मीच सुचवला. ठीक आहे, त्या जागी दुसरे लहान झाड आत सरकवतो. तरी पाच कमी पडतात, आणि लहान रस्त्याच्या बाजूला हद्दीच्या आत एक मीटरवर पाण्याची मुख्य वाहिनी आहे.

कुदळफावडे
मग मूळरोधक पत्रा उभा गाडा. मी प्रत्येक कामात तो वापरतो आणि पुढे डोकेदुखी राहत नाही.

पर्णिका
पत्र्याने मुळे खाली वळतात, परंतु माती घट्ट असेल तर पलीकडे गेल्यावर ती पुन्हा वर येतात. बहुतेक झाडांची पाणी शोषणारी मुळे वरच्या अर्ध्या-पाऊण मीटरच्या थरातच असतात, कारण हवा तेथे असते. मुळे सुस्थितीतील वाहिनी सहसा फोडत नाहीत. सांधा किंवा तडा गळत असेल तर त्या ओलाव्याकडे जाऊन ती आत शिरतात. म्हणून आधी सांधे तपासावेत, लहान वाढीची झाडे निवडून ती पट्ट्याच्या आतल्या कडेला लावावीत, आणि खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, मात्र गोळ्याहून खोल नसावा.

कुदळफावडे
हे सर्व मान्य, पण पत्रा नको असे तुम्ही म्हटलेले नाही, याची नोंद घ्यावी.

मोजपट्टी
नवीन झाडे मोजण्यापूर्वी एक विचारतो: पट्ट्यात पूर्वीपासूनचे एखादे झाड आहे काय?

उत्तरदक्षिण
लहान रस्त्याच्या बाजूला एक जुनी चिंच आहे. ती आधीपासूनच आहे, म्हणून आराखड्यात दाखवली नाही. खोड 190 सेंटिमीटर आहे.

मोजपट्टी
190 हा घेर असणार, 3.14 ने भागल्यावर व्यास सुमारे 60 सेंटिमीटर येतो. राखलेल्या मोठ्या झाडांना अनेक नियमांत एकाहून अधिक झाडांचे श्रेय मिळते. मोजमाप छातीच्या उंचीवर, म्हणजे सुमारे 1.3 मीटरवर घ्या आणि तुमच्या नियमातील ते कलम पाहा.

उत्तरदक्षिण
पाहिले. 30 सेंटिमीटरहून अधिक व्यासाचे राखलेले झाड दोन धरतात. म्हणजे दोन कांचन, आत सरकवलेले एक, चिंचेची दोन आणि नवीन तीन, एकूण आठ. हे परवाच सांगितले असते तर दोन रात्री वाचल्या असत्या.

मोजपट्टी
परवा चिंच आराखड्यात नव्हती, आणि धाग्यातही. तिच्या माथ्याचा घेर आणि बांधकामाच्या काळात मुळांभोवती घालायचे तात्पुरते कुंपण दाखवले आहे ना? त्याच बाजूने चर खोदणार असाल तर कुंपणाशिवाय ते श्रेय नाकारले जाऊ शकते.

उत्तरदक्षिण
चर त्याच बाजूने आहे. कुंपण दाखवलेले नाही. आज रात्री दाखवतो.