रोके कोर्देरो ऐकायला सुरुवात कुठून करू?

प्रश्न
पनामाचे संगीतकार रोके कोर्देरो यांचा व्हायोलिन कॉन्चेर्टो (व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना, 1962) काल ऐकला. बारास्वरी संगीत (सप्तकातले बाराही स्वर एका ठरवलेल्या क्रमाने वापरणारं) मला एरवी झेपत नाही, पण शेवटच्या भागात पाय आपोआप ठेका धरायला लागला. हे कसं काय? त्यांचं आणखी काय ऐकू?

प्रतिसाद
तो ठेका पनामाचा! मी पियानो शिकवते, त्यांची 1943 ची ‘सोनातिना रीत्मिका’ विद्यार्थ्यांना आवर्जून देते. कोर्देरोंनी बारास्वरी तंत्र घेतलं, पण त्याचं सोवळं पाळलं नाही.

जन्म 1917, पनामा सिटी. 1943 मध्ये शिकायला अमेरिकेत, मिनेसोटाला गेले. तिथे कंडक्टर दिमित्री मित्रोपुलोस यांनी त्यांचं काम पाहिलं आणि त्यांना एर्न्स्ट क्रेनेककडे धाडलं. क्रेनेक मूळचे व्हिएन्नाचे, या तंत्रात मुरलेले. असा गुरू मिळूनही कोर्देरोंच्या अंगातली मेहोराना, म्हणजे पनामाचं लोकनृत्य, गेली नाही, याचं मला फार अप्रूप आहे.

‘ओचो मिनियातुरास’ (1948) पासून सुरुवात करा. लहान ऑर्केस्ट्रासाठी आठ छोट्या रचना, त्यात एक मेहोरानाही आहे. या लोकनृत्याच्या सहा मात्रा कधी तीन-तीन पडतात, कधी दोन-दोन-दोन. आधी हातावर टाळी देऊन दोन्ही वजनं पक्की करा, मग कॉन्चेर्टोकडे परत या.

प्रतिसाद
दुसरी सिंफनी (1956) राहिली की! एकाच अखंड भागाची आहे, 1957 मध्ये काराकासच्या महोत्सवात तिला बक्षीस मिळालं. पण ते पुढे अमेरिकेतच राहिले ना? पनामाच्या वाट्याला काय आलं?

प्रतिसाद (पियानो शिक्षिका)
बरंच आलं. 1953 ते 1964 त्यांनी तिथली राष्ट्रीय संगीत संस्था चालवली, मग दोन वर्षं राष्ट्रीय ऑर्केस्ट्रा. शिकवण्यात आणि कारभारात माणूस किती खर्ची पडतो हे मी जवळून बघते, म्हणून त्या वर्षांबद्दल मला जास्त आदर वाटतो. 1966 ला इंडियाना विद्यापीठ, 1972 पासून इलिनॉय स्टेट. 2008 मध्ये ओहायोतल्या डेटनला वारले.

प्रश्नकर्ता
आभार! कॉन्चेर्टोचं कुठलं ध्वनिमुद्रण घेऊ?

प्रतिसाद (पियानो शिक्षिका)
1974 चं, कोलंबिया रेकॉर्ड कंपनीच्या कृष्णवर्णीय संगीतकारांच्या मालिकेतलं. डेट्रॉइट सिंफनी, कंडक्टर पॉल फ्रीमन. व्हायोलिनवर सँफर्ड ॲलन, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमधले पहिले कायमस्वरूपी कृष्णवर्णीय वादक.