नागिणीनंतरचं दुखणं : आईची ट्रामाडॉल कमी करायची आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी,

आई ६८ वर्षांची. कराडजवळ गावी दादा-वहिनींकडे असते, मी पुण्यात. गेल्या दिवाळीत तिला उजव्या बाजूला, छातीखालून पाठीपर्यंत नागीण उठली. विळखा पुरा झाला की माणूस जातं, या भीतीने तिला आधी गेरू लावणाऱ्याकडे नेलं आणि त्यात पाच दिवस गेले. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूवरच्या गोळ्या सुरू करायला हव्यात, हे मला फार उशिरा कळलं. विळख्याची गोष्ट खरी नाही. नागीण एका मज्जातंतूच्या पट्ट्यात उठते आणि बहुधा अंगाच्या एकाच बाजूला राहते. तुमच्या घरात कुणाला झालीच तर हात जोडून सांगते, आधी डॉक्टरांकडे न्या.

फोड महिन्याभरात वाळले, पण दुखणं आठ महिने झाले तरी आहे. कातडी वरून बरी दिसते, नुसते फिकट डाग आहेत. पण तिथे पदर टेकला तरी आई दचकते. ब्लाउज घालवत नाही, म्हणून दादांचा धुऊन धुऊन मऊ झालेला सदरा उलटा करून घालते, म्हणजे शिवण टोचत नाही. पंखा लावला तर वाऱ्यानेही आग होते. "आतनं कुणी तापली सळई ओढतंय गं," म्हणते. दरवर्षी लोणंद ते तरडगाव पालखीबरोबर चालणारी बाई यंदा ओसरीतच बसून राहिली.

सुरुवातीला ट्रामाडॉल (अफूच्या जातीची, सवय लागू शकणारी वेदनाशामक गोळी) ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिली होती. पहिला महिना तिला खरंच झोप लागली. मग दोनाच्या तीन झाल्या, तीनाच्या चार. ओळखीचा दुकानदार जुन्याच चिठ्ठीवर पाकीट देत राहिला. २०१८ पासून हे औषध अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आलंय, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आता बद्धकोष्ठ आहे, दिवसभर गुंगी असते. मागच्या महिन्यात पहाटे मोरीकडे जाताना पडली. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब.

घाबरून दादाने गोळ्या एकदम बंद केल्या. दुसऱ्या दिवशी तिला दरदरून घाम, जुलाब आणि अंगात नुसती तगमग. रात्रभर घरात येरझाऱ्या घालत होती. आम्हाला वाटलं नागीणच उलटली. नंतर कळलं की अंगाला सवय झालेलं औषध अचानक तोडल्यावर असंच होतं, ते टप्प्याटप्प्यानेच उतरवावं लागतं. कृपया ही चूक कुणी करू नका.

मला सगळ्यात अवघड जातंय ते आईशी बोलणं. गोळी कमी करू म्हटलं की तिचे डोळे भरतात. "म्हंजे मी नाटकं करते असं वाटतंय तुला?" दुखणं खरं आहे, इजा झालेली नस आपोआप कळा पाठवत राहते, आणि ही गोळी त्या नसेवरचा इलाज नाही, हे तिला कसं सांगू? तुमच्यापैकी कुणी घरच्या वडीलधाऱ्यांना हे समजावलं असेल तर नेमक्या कोणत्या शब्दांत, ते लिहाल का?

आणखी काही शंका :

तिचं क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं काम करतंय ते दाखवणारी रक्ततपासणी) १.६ आहे, म्हणजे जास्त. गॅबापेन्टिन, प्रीगाबालिन ही नसेच्या दुखण्यावरची औषधं मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात, म्हणून डोस कमी ठेवावा लागतो, असं वाचलं. शिवाय ट्रामाडॉलबरोबर घेतली तर गुंगी वाढून श्वासही मंदावू शकतो. मूत्रपिंड कमजोर असलेल्या कुणाला ही औषधं सोसली का? किती दिवसांनी फरक दिसला?

लिडोकेनची (कातडी बधिर करणाऱ्या औषधाची) पट्टी कुणी वापरली आहे का? १२ तास लावायची, १२ तास काढायची असते ना? घाम येणाऱ्या कातडीवर ती टिकते का?

आणि कराड, सातारा, कोल्हापूर भागात वेदना-उपचारांचे चांगले डॉक्टर माहीत असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

भर (१२ दिवसांनी) : सगळ्यांचे मनापासून आभार. वेदनातज्ज्ञांना दाखवून आलो. दर तीन-चार आठवड्यांनी एकच ट्रामाडॉल कमी करायची, रात्रीची सगळ्यात शेवटी. गॅबापेन्टिन अगदी कमी डोसवर सुरू केलीय आणि पट्टीही दिलीय. अमिट्रिप्टिलिन (नसेच्या दुखण्यावर देतात ते आणखी एक औषध) तूर्त नको म्हणाले, कारण ट्रामाडॉलबरोबर झटक्यांचा (फिट येण्याचा) धोका वाढतो आणि या वयात तोल जाण्याची भीती असतेच. ही योजना तिच्यापुरती आहे, कुणी जशीच्या तशी उचलू नका. दादा आता रोज रात्री वहीत गोळ्या, झोप आणि दुखण्याला दहापैकी किती, असं लिहून ठेवतो.

डॉक्टरांनी आईला पहिलाच प्रश्न विचारला, "दुखणं निम्मं झालं तर आधी काय कराल?" ती म्हणाली, "ब्लाउज घालून देवळात जाईन." त्यांनी तेच केसपेपरवर लिहिलं. परतताना गाडीत गोळीचं नाव तिने एकदाही काढलं नाही.

पट्टीखाली कातडी थोडी लाल होतेय. असं कुणाला झालं होतं का?