सकाळी पक्का माग काढणारा बीगल कुत्रा ऊन चढलं की गडबडतो, असं का?

रानवाट: माझा बीगल तरुण आहे, वासाचा माग काढायची प्रॅक्टिस चालू आहे. सकाळी दव असतं तेव्हा नाक जमिनीला लावून सरळ जातो, पण ऊन चढलं की माग सोडून गोल गोल फिरायला लागतो, मध्येच डोकं वर करून हवा हुंगतो. हा हट्टीपणा समजायचा का? लीश ओढून परत मागावर आणू का?

माग_धरा: ओढू नका प्लीज! गोल फिरतोय म्हणजे तो कामच करतोय. माग तुटला की चांगला हाउंड (शिकारी कुत्रा) शेवटचा वास जिथे मिळाला तिथून घेर वाढवत वाढवत शोधतो, हे त्याच्या रक्तातच असतं, आणि आपण नेमकं तेव्हाच ओढलं तर तो स्वतः शोधायचं सोडून आपल्या तोंडाकडे बघायला शिकतो. गार ओलसर जमीन वास धरून ठेवते, तापलेल्या कोरड्या मातीवर तो पटकन विरतो. वारा असेल तर वास बाजूला वाहून जातो, मग कुत्रा प्रत्यक्ष पावलांपासून थोडा लांब, वारा जिकडे जातोय त्या अंगाला, पण मागाला समांतर पळतो. आपल्याला वाटतं चुकला, पण तो बरोबर असतो.

जुना_हाउंडवाला: वरच्याशी सहमत, पण खरं कारण धाप आहे असं मला वाटतं. कुत्र्याला घाम जवळपास फक्त पंजांना येतो, त्यामुळे अंग थंड करायला तो तोंड उघडून धापा टाकतो. हुंगताना मात्र नाकाने सेकंदाला साधारण 5 वेळा हवा आत ओढावी लागते, दोन्ही एकदम नीट जमत नाही. अनुभवी कुत्रे उन्हात आपणहून वेग कमी करतात, सावलीतून, गवताच्या कडेने जातात, तरुण पोरं मात्र जोशात पळून नाक घालवून बसतात. मध्ये मध्ये थांबवून पाणी पाजा, धाप बसली की नाक परत चालू होतं. जीभ खूप लांब बाहेर आली, चाल डगमगली तर त्या दिवशी सरळ बंद करायचं, उष्माघाताने कुत्रा जातो हो.

रानवाट: हे धापेचं लक्षातच आलं नव्हतं, थॅंक्स! आणि पाऊस पडला तर?

जुना_हाउंडवाला: भुरभुर असेल तर उलट चांगलं, कोरड्या जमिनीवरचा दबलेला वास परत उठतो. धो धो पडला तर माग धुऊन जातो.

वेगवान_सलुकी: आमच्या सलुकीसारख्या नजरेवर पळणाऱ्या कुत्र्यांचं गणित वेगळं असतं, त्यांना वासाचं एवढं पडलेलं नसतं पण उंच गवत किंवा धुकं आलं की अडतात, मग कान टवकारून, उंचवट्यावर चढून बघतात. तुमचा बीगल नाकवाला आहे, त्याला नजरेने काही दाखवायला जाऊ नका, बोट दाखवूनही नाही. लीश लांब आणि सैल ठेवा, तो घेर घेत असताना तुम्ही जागेवर उभे राहा, तुम्ही फिरलात की तुमचाच वास त्या मागावर पसरतो.