बीएक्सचा मागचा भाग वर गेला की खाली येत नाही (स्फीअर आणि हाइट करेक्टर बदलल्यानंतर)

मागे_उंच:
गाडी सिट्रोएन बीएक्स, १९९१ची, पेट्रोल; स्प्रिंगऐवजी दाबाखालचं तेल आणि गॅस यांवर उभी राहणारी. गेल्या दोन रविवारी हात काळे करून (खरं तर हिरवे करून) पुढची कामं केली: चारही चाकांचे स्फीअर (स्प्रिंगचं काम करणारे गॅस भरलेले गोळे), पंपाचं प्रेशर राखणाऱ्या रेग्युलेटरवरचा, प्रेशर साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटर स्फीअर आणि मागचा हाइट करेक्टर (गाडीची उंची राखणारा व्हॉल्व्ह). जुन्या करेक्टरच्या रबरी बुटातून तेल पाझरत होतं. बसवलेला करेक्टर दुसऱ्या गाडीवरून काढलेला, वापरलेला आहे. टाकीतल्या दोन्ही जाळ्या पेट्रोलने धुतल्या आणि नवं एलएचएम (या गाडीचं हिरवं हायड्रॉलिक तेल) भरलं.

पहिल्यांदा पंपाने छळलं. पाइप कोरडे पडलेले, तेल ओढेचना. डॅशबोर्डवरचा लाल ‘स्टॉप’ दिवा दहा मिनिटं माझ्याकडे बघत बसला. शेवटी टाकीकडून पंपाकडे जाणारा जाड रबरी पाइप काढला, त्यात नरसाळ्याने तेल ओतलं, रेग्युलेटरचा ब्लीड स्क्रू (हवा आणि प्रेशर सोडायचा) एक आटा सैल ठेवून इंजिन चालू केलं. टाकीतली फसफस थांबल्यावर स्क्रू बंद केला. दिवा गेला. तेवढ्यावर खूश झालो, इथेच चुकलो.

आता मूळ दुखणं. उंचीची लिव्हर नॉर्मलला ठेवून इंजिन चालू केलं की पुढचा भाग बरोबर उंचीला येऊन थांबतो. मागचा थांबतच नाही, थेट शेवटपर्यंत वर जातो आणि मग लाकडी ओंडक्यासारखा कडक. गाडी नमस्कार घालायला वाकल्यासारखी दिसते. लिव्हर सर्वांत खालच्या खाचेत टाकली तर पुढचं टायरांवर बसतं, पण मागचं साधारण नेहमीच्या उंचीला येऊन तिथेच राहतं. शिवाय रेग्युलेटरची ‘टिक’ दर चार सेकंदांनी ऐकू येते. आधी अर्ध्या मिनिटाने यायची.

माझा संशय त्या वापरलेल्या करेक्टरवर आहे. विकणाऱ्याला दोन खरमरीत मेसेजही पाठवून झाले. पण पुन्हा ते बारीक पाइप उघडायचे म्हटलं की पोटात गोळा येतो. की मागचे स्फीअरच चुकीचे आले असतील?

हिरवं_तेल:
स्फीअरना हात लावू नका. गाडी किती उंच राहणार यात त्यांचा काहीच वाटा नाही. आतल्या नायट्रोजनवर फक्त मऊ-कडक ठरतं. गॅस पार गेलेल्या स्फीअरवरसुद्धा गाडी योग्य उंचीला उभी राहते, फक्त दगडासारखी चालते. तुमची मागची बाजू कडक लागते कारण सिलिंडर शेवटाला टेकलाय, हलायला वर जागाच उरली नाही. उंची ठरवतो तो करेक्टर. गाडी खाली बसली की सिलिंडरमध्ये तेल सोडतो, वर गेली की टाकीत परत जाऊ देतो. सिट्रोएनच्या १९५५च्या डीएस गाडीपासून मांडणी हीच आहे.

टिक-टिक मात्र वेगळा आजार समजा. रेग्युलेटर साधारण १४५ बारला पंपाचं तेल आत घेतो आणि १७० बारला तोडतो. चार सेकंदांत तेवढं प्रेशर उतरतंय, तर एक तर अ‍ॅक्युम्युलेटर रिकामा (त्यात ६२ बार गॅस हवा) किंवा कुठेतरी तेल चोरवाटेने टाकीत जातंय. नवा स्फीअर म्हणून तो निर्दोष असं नाही. कपाटात वर्षानुवर्षं पडलेला मालही ‘नवा’ म्हणूनच मिळतो. पण आधी तुमचा तो ब्लीड स्क्रू बघा. इंजिन चालू असताना रेग्युलेटरपाशी कान न्या, सूं आवाज येतो का? नीट बसला नसेल तर गळती बाहेर दिसत नाही, सगळं आतल्या आत परत जातं. आणि तो कधीही पूर्ण काढू नका. आत छोटी स्टीलची गोळी असते, ती पडली की संध्याकाळ गेली.

दुसरा_गिअर:
मागची चाकं धरणाऱ्या आर्मच्या बेअरिंगचं बघा. माझ्या बीएक्सची ती जाम झाली होती, मागचं जिथे जाईल तिथे अडकून बसायचं.

मागे_उंच:
@दुसरा_गिअर, आर्म चार वर्षांपूर्वी केलेत, कुरकुर नाही. शिवाय माझं मागचं अडकत नाही हो, एकदम गुळगुळीत वर जातं. ठरवून गेल्यासारखं.

पाना_बारा:
तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात: लिव्हर तळाला टाकली की मागचं नेहमीच्या उंचीला थांबतं. म्हणजे करेक्टर ठणठणीत आहे. उंची धरतोय, तेल सोडतोय. फक्त त्याला लिव्हरची जागा चुकीची कळतेय.

करेक्टरला दोन मालक असतात. एक दांडी अँटी-रोल बारवरच्या (डावं-उजवं चाक जोडणाऱ्या सळईवरच्या) क्लॅम्पकडून येते, ती गाडीची खरी उंची सांगते. दुसरी तुमच्या लिव्हरकडून. लिव्हर नॉर्मलला असताना या दुसऱ्या दांडीने काहीच बोलायचं नाही, ना ढकलायचं ना ओढायचं. आता आठवा, करेक्टर बसवताना लिव्हर कुठे होती? माझा अंदाज, सर्वांत खाली. प्रेशर सोडताना आपण सगळे तेच करतो. त्या अवस्थेत तुम्ही लिव्हरच्या दांडीचा क्लॅम्प आवळलात. करेक्टरच्या लेखी तळ म्हणजेच नॉर्मल झालं, आणि तुम्ही नॉर्मल म्हणता तेव्हा त्याला ‘वर जा’ असं ऐकू येतं.

खात्री करायला पाइप उघडायची गरज नाही. बॉडी भक्कम स्टँडवर घ्या. हे दहा वेळा सांगेन: ही गाडी स्वतःच्या सस्पेन्शनवर उंच उभी आहे म्हणून खाली डोकं घालू नये, प्रेशर गेलं की ती बसते. लिव्हरच्या दांडीचा क्लॅम्प सैल करा, बाहेर या, गाडी चाकांवर उतरवून इंजिन चालू करा. मागचं आपोआप जागेवर आलं तर रोग सापडला. लगेच उतरलं नाही तर घाबरू नका. प्रत्येक खड्ड्याला उत्तर देत बसू नये म्हणून करेक्टर मुद्दाम काही सेकंद थांबतो.

बॉल जॉइंट बोटांनी फिरतात का तेही बघून घ्या, गंजले असतील तर मोजमापाला अर्थ नाही.

मागे_उंच:
पाना_बारा, तुम्ही माझ्या गॅरेजमध्ये लपून बसला होतात का? लिव्हर तळालाच होती. क्लॅम्प सैल केला, इंजिन लावलं, क्षणभर काहीच नाही आणि मग मागचं हळूच उतरून जागेवर थांबलं. लिव्हर नॉर्मलला ठेवून दांडी मोकळी हलतेय हे बघून क्लॅम्प पुन्हा आवळला. आता तळाला टाकली की मागचंही बसतं.

उंची पुस्तकाप्रमाणे मोजली. मागून हाताने उचलून सोडली आणि थांबल्यावर माप घेतलं, मग दाबून सोडली आणि पुन्हा माप घेतलं. दोन्हींत ८ मिमीचा फरक, म्हणून सरासरी धरली. ती हवी त्यापेक्षा बरीच जास्त निघाली, तेव्हा अँटी-रोल बारवरचा क्लॅम्पही फिरवावा लागला. तीन प्रयत्न गेले, कारण क्लॅम्प केसभर सरकवला तरी चाकापाशी भलताच फरक पडतो. शेवटी मुलाला डिकीच्या कडेवर बसवलं. गाडी दबली, थोडं थांबून वर आली. तो उतरला तर उसळली आणि परत जागेवर. त्याला हा खेळ इतका आवडला की सहा वेळा केला.

ब्लीड स्क्रू पाव आट्याहून कमी फिरला, पण फिरला. सूं बंद. टिक आता २८ सेकंदांनी.

करेक्टर विकणाऱ्याला माफीचा मेसेज लिहायला घेतलाय. तिसरा खर्डा चालू आहे.

हिरवं_तेल:
छान. तेलाची पातळी कधी बघितलीत? इंजिन चालू ठेवून, लिव्हर सर्वांत वर करून बघायची असते. सिलिंडरमध्ये तेल गेलं की टाकीतलं उतरतं. गाडी बसलेली असताना बघितलीत तर टाकी भरलेलीच वाटणार.

मागे_उंच:
बसलेली असतानाच बघितली होती. आत्ता वर करून बघून आलो, पिवळा फ्लोट खालच्या लाल खुणेच्याही खाली. अर्धा लिटर लागलं.